टोळीची पाठ

४ फेब्रुवारी

आणि म्हणे मला चार माणसांत राहता येत नाही! दादा, हे तू आईसमोर बोललास, वहिनीसमोर बोललास, गाडीत बसवायला आलास तेव्हा त्या तिकीटवाल्यासमोरही बोललास. त्याचा काय संबंध होता? गॅरेज सोडलं ते मालकाने कानफटात दिली म्हणून. बेकरी सोडली ती सगळे मिळून मलाच पोती उचलायला लावायचे म्हणून. पण तुझ्या लेखी सगळा दोष माझ्या डोक्याचा. ये आता बघायला. पहिल्याच दिवशी सात माणसांनी मला टोळीत घेतलं, आणि संध्याकाळी निघताना एकाने माझ्या खांद्यावर हात टाकला. तू कधी टाकलास?

कामाची जागा म्हणजे मोठं धुलाईघर. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात, गाडेच्या गाडे. एका टोकाला धुवायची यंत्रं, मध्ये सुकवायची, आणि शेवटी आमचा रूळ. पिंपाएवढा जाड, चार माणसं आडवी झोपतील एवढा लांब, आत वाफ. दोघांनी ओलसर चादरीची दोन टोकं धरून समोरून लावायची, पलीकडे दोघांनी झेलायची. चुरगळलेली आत जाते, कागदासारखी बाहेर येते. बघत राहावंसं वाटतं.

लावायला माझा जोडीदार रेडिओ. खरं नाव कुणी घेत नाही. तोंड उघडलं की बंद होत नाही म्हणून रेडिओ. मला म्हणाला, कोपरा सरळ धर रे बाबा, नाहीतर बायकोही अशीच तिरकी मिळेल. मी म्हटलं, तुमची कशी आहे? तर म्हणाला, सरळ आहे, म्हणून तर मी इतक्या लांब कामाला आलो.

चहाला सगळे एकाच बाकावर. मुकादमाने पहिला घोट घेतला की सगळे घेतात. तो हसला की सगळे हसतात. मला विनोद कळला नव्हता, तरी मीही हसलो. बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

रुळाच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात फार पुढे गेला की दांडीला लागतो आणि रूळ थांबतो. हात वाचावा म्हणून ती केलेली. आमच्याकडे ती तारेने वर बांधून टाकलीय. मी विचारलं तेव्हा बोक्याने सांगितलं (बोका म्हणजे झेलणाऱ्यांतला जाडा, दुसऱ्यांच्या डब्यांत तोंड घालतो). म्हणाला, दांडीला चादर जरी घासली तरी रूळ थांबतो. थांबला की गठ्ठे कमी. गठ्ठे कमी झाले की बोनस बुडतो, आणि बोनस टोळीला मिळतो, एकट्याला नाही. एक थांबला की आठही जण उपाशी.

मी म्हटलं, हात गेला तर? तो म्हणाला, आत्तापर्यंत कुणाचा गेला नाही. बाकीच्यांनीही मान हलवली. सगळ्यांनी एकदम.

दादाला फोन करून बोनसचं ऐकवलं. हूं म्हणाला. हूं!

१५ फेब्रुवारी

आज रेडिओची बाही रुळात ओढली गेली. त्याने झटका देऊन हात काढला म्हणून वाचला. बाही कोपरापर्यंत फाटली, मनगटावर भाजल्याचा पट्टा. चहाला बाकावर टेकला. मग उठला, पक्कड आणली आणि तार तोडून टाकली. मुकादमाला म्हणाला, अण्णा, माझे हात माझ्या पोरांच्या तोंडात घास घालायला आहेत, रुळाच्या नाही.

दुपारभर रूळ थांबत होता. आठवड्याचा बोनस गेला. खरं लिहितो, मला राग आला, आणि तो रेडिओचाच आला.

सुटताना मुकादम एवढंच म्हणाला, याला पाठ द्या.

म्हणजे काय ते बोक्याने हात धुताना समजावलं. त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, तो बोलला तर ऐकायचं नाही. मी म्हटलं, अरे, तो माझ्या हातभर अंतरावर उभा असतो. तो म्हणाला, मग चादरीच्या कोपऱ्याकडे बघ. किती दिवस विचारलं, तर हसला.

१६ फेब्रुवारी

सकाळी आलो तर दांडी परत वर बांधलेली. कुणी बांधली ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

रेडिओने सगळं थट्टेवारी नेलं. मुकादमासमोर उभं राहून त्याचीच नक्कल केली, चहाचा घोट घेऊन मिशी पुसायची. मला हसू फुटत होतं, ओठ चावून धरला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, जोडीदारा, तू तरी बोल की लेका, तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलंय? मी कोपऱ्याकडे बघत राहिलो.

जेवताना बोक्याने, त्या बोक्याने, स्वतःच्या डब्यातलं अर्धं मला वाढलं. लाज वाटायला हवी होती. पोट भरलं आणि बरं वाटलं.

२० फेब्रुवारी

रेडिओ बाकावर बसला होता. लांब्या नावाचा घडी घालणारा आला आणि सरळ त्याच्या मांडीवर बसला. रेडिओ ओरडत खालून निसटला. लांब्या गालात हसला असता तर समजलो असतो. हसला नाही. त्याला खाली काही लागल्याचं कळलंच नाही.

मग रेडिओ चहावाल्या बाईच्या खिडकीशी गेला. बाई आमच्या टोळीतली नाही, तिला कुणी काही सांगितलेलं नाही. रेडिओने दोनदा चहा मागितला. बाईने त्याच्या आरपार माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तुला काय देऊ रे बाळा?

रेडिओ वळून माझ्याकडे बघत राहिला. आज त्याने थट्टा केली नाही.

२२ फेब्रुवारी

पुरे झालं. कपडे बदलायच्या खोलीत कुणी नसताना त्याच्याशी बोलायचं ठरवलं. आत गेलो, दार लावलं, वळलो. खोली रिकामी होती.

इकडे रे, इथे आहे मी, असा आवाज आला. खुंटीखालून. खुंटीखाली भिंत होती. बारीक पोपडे निघालेली. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. आवाज म्हणाला, तू बघत नाहीस म्हणून होतंय हे, नीट बघ ना रे.

नीटच बघत होतो. आईशप्पथ नीट बघत होतो.

वाफेने डोळे गेले असतील.

२४ फेब्रुवारी

चादरीचं दुसरं टोक आपोआप उचललं जातं. माझ्या टोकाबरोबर वर येतं, सरळ, ताणलेलं. पलीकडे कुणी नाही. सुरुवातीला मी नाटक करत होतो, त्याच्याकडे न बघण्याचं. नाटक कधी संपलं ते कळलंच नाही.

बोलणं ऐकू येतं, पण शेजारच्या घरात लावल्यासारखं. पोरांविषयी काहीतरी सांगत होता.

गठ्ठे भरपूर झाले. मुकादम खूश.

२६ फेब्रुवारी

लिहायला हात उचलत नाही. पण लिहिणार. कुणीतरी लिहायला पाहिजे.

दुपारी चादर ओढली गेली. रुळाने नाही, रेडिओ उभा असायचा त्या बाजूने. ते टोक एकदम वर गेलं आणि आत — मग ओरडणं. लांबून नाही, शेजारच्या घरातून नाही, माझ्या कानात. माझ्या नावाने. थांबव, थांबव, लाल बटण —

लाल बटण माझ्या गुडघ्याशी आहे. वाकायचीही गरज नाही.

मी मान वर केली. सहा पाठी. कुणी वळलं नाही. मला वाटलं, एक जरी वळला तर दाबतो. फक्त एक. सहाही जण तेच म्हणत असतील का मनात? असतील तर ते अजून वाईट.

नाही दाबलं.

ओरडणं थांबलं. चादर पलीकडून बाहेर आली. बोक्याने झेलली, लांब्याने डाग आत घेऊन घडी घातली. गठ्ठ्यात गेली. मुकादमाने माझी पाठ थोपटली.

आज बोनस सगळ्यात जास्त.

२७ फेब्रुवारी

मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, रेडिओ मेला, आम्ही मारला. त्याने चष्मा वर केला, म्हणाला, कोण रेडिओ? तुमची टोळी सातची, पहिल्यापासून. मी म्हटलं, मी आठवा म्हणून आलो! म्हणाला, पाणी पी, डोळे लाल झालेत तुझे.

मग मी चहाच्या बाकासमोर उभा राहिलो आणि एकेकाला शिव्या घातल्या. बोक्या, तुझ्या घशाखाली घास कसा उतरतो? लांब्या, हात धुतलेस का? आणि तुम्ही हो अण्णा, मिशी पुसा, तिला चहा नाही लागलेला! मला सगळ्यात मोठी शिवी मलाच घालायची होती, तीही घातली. पक्कड घेतली आणि तार तोडली.

मुकादमाने घोट घेतला. बाकीच्यांनी घेतला. मग तो तेच तीन शब्द बोलला.

सगळे वळले. एका अंगाने, एखादं दार फिरावं तसे.

१ मार्च

बटण दाबलं. रूळ थांबला. मुकादम म्हणाला, मशीन बिघडलंय. पुन्हा चालू. पुन्हा दाबलं. पुन्हा बिघडलंय. संध्याकाळी दुरुस्तीचा माणूस आला आणि बटणाची वायर काढून गेला. मी त्याच्या तोंडासमोर ओरडत होतो. त्याने कान खाजवला.

तार परत बांधली. माझ्या जागी नवा पोरगा आणलाय. सहा अधिक तो.

बाईने चहा दिला नाही.

२ मार्च

बाजारातल्या एका दुकानाचं दार आपोआप उघडतं, समोर माणूस आला की. नाही उघडलं. लाथ मारली. मांजर आलं, मांजरासाठी उघडलं.

घरी फोन. आईने उचलला. हॅलो, हॅलो, कोण? मी ओरडतोय, आई, मी, मी — ती दादाला म्हणाली, कुणी बोलतच नाही बघ. दादा म्हणाला, ठेव, राँग नंबर असेल.

दादा! राँग नंबर?

३ मार्च

न्हाणीघरातल्या आरशात शर्टाची कॉलर. वर काही —

तरी कामावर जातो. का जातो? तिथे निदान पाठी तरी आहेत. इतर कुठे तर काहीच —

नव्या पोराच्या कानात रोज ओरडतो. हात मागे घे, हात मागे. आज तो क्षणभर थबकला. मग बोक्याने त्याला डबा पुढे केला.

५ मार्च

पगार. पाकिटं टेबलावर मांडलेली. माझं होतं. कुणी हाक मारली नाही, मीच उचललं. पाकीट हवेतून गेलं तरी कुणी बघितलं नाही.

पैशाला बघतात वाटलं होतं. तेही नाही.

६ मार्च

बँकेत पैसे भरायच्या यंत्रासमोर उभा आहे. खिडकीवरच्या माणसापुढे बराच वेळ उभा राहिलो, शेवटी इथे आलो. याला माणूस लागत नाही, नोटा लागतात. घेतल्या त्याने. तुझा खाते नंबरही घेतला.

आता विचारतंय, पाठवणाऱ्याचं नाव. तीन वेळा विचारलं.

दादा, माझं नाव आठवत नाही. रेडिओ ओरडला तेव्हा ऐकलं होतं मी, शेवटचं, त्याच्या तोंडून, आणि आता —

तुला माहीत आहे. तूच घेत होतास, दिवसभर, भांडताना. पैसे पोचले की घराच्या दारात उभा राहा आणि हाक मार. रागाने मार, शिवी देऊन मार, पण मोठ्याने, आणि या बाजूला तोंड करून. वळून मार, दादा. एक जरी वळला तर —

पडदा विझत चाललाय. कोरं ठेवतो. नाव नसलेले आले तर ते माझेच. सगळे मिळून एकवीस हजार चारशे —