आवडाक्कास, शेंगदाण्याच्या कारखान्याची हकिकत

ती. आवडाक्कास,

रामकिसनचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं कागदावरच ठेवतोय, कारण पाय तू सध्या मागं ओढून घेतलेस असं कळतं.) इकडं सगळे खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? सूनबाई आशानं आणलेलं तेल लावतेस, की बाटली अजून फडताळातच आहे? आठ दिवसांत मी तुला तीनदा फोन केला. पहिल्यांदा आशा म्हणाली, आई पूजेला बसल्यात. दुसऱ्यांदाही पूजेलाच. तिसरा फोन मी मुद्दाम दुपारी साडेतीनला केला, तेव्हाही तू पूजेलाच बसलेली. शहरात लेकाकडं छावणीत राहायला गेल्यापासून तुझी भक्ती वाढली असेल तर आनंदच आहे, पण मागून तुझाच आवाज येत होता, "नाय म्हणून सांग त्याला," आणि ते तू देवाला बोलत नसावीस.

म्हणून हे पत्र. अक्षरं मोठी काढलीत. पंचेचाळिसाव्या वर्षी तू वाचायला शिकलीस तेव्हा मी हौसेनं एक पत्र धाडलं होतं. ते वाचून काढायला तुला तीन दिवस लागले आणि चौथ्या दिवशी तुझं उत्तर आलं, दोनच शब्दांचं, "अक्षर सुधार". कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली, पण हात भ्यायला तो तुझ्याच कागदाला.

तू रुसलीस, आणि तुझं रुसणं वाजवी आहे, हे मी आधीच लिहून टाकतो. गावात एवढा शेंगदाण्याचा कारखाना उघडला, पत्रिकेवर चौदा जणांची नावं छापली (त्यातले दोघं कोण हे मला अजून ठाऊक नाय), आणि सख्ख्या बहिणीला साधा निरोपही नाय. कारण पुढं येईल. आधी उद्घाटन कसं झालं ते ऐक, म्हणजे तू आली नाहीस तेच बरं झालं असं तुला वाटेल. नंतर पुन्हा वाटणार नाय, पण तेही पुढं.

आपल्या अजिंठ्याच्या रस्त्याला लागून पत्र्याची मोठी शेड झालीय. एकशे बारा शेतकऱ्यांची कंपनी, अध्यक्ष आपला बद्रीनाथ (व्हय, तोच, ज्याला तू आपल्या बांधावर शेंदाडं चोरताना कानाला धरलं होतंस). एका बाजूनं वाळल्या शेंगा ओतायच्या. एक यंत्र माती-खडे काढतं, दुसरं शेंगा फोडतं, तिसरं दाणे लहानमोठे वेगळे करतं, आणि शेवटी एक कॅमेरेवालं यंत्र दाण्यादाण्याचा चेहरा बघून वाईट दाणा फुंकर मारून बाहेर फेकतं. पेंटरनं दुसऱ्या यंत्रावर झोकात लिहिलं, "शेंग फोडणी यंत्र". ते वाचून बद्रीनाथची आई सारजाबाई शेडभर फिरली आणि मला विचारलं, "रामकिसन, मोहरी कुठून टाकायची रं?" मी समजावलं. ती म्हणाली, मग एवढं मोठं कशाला केलं, दोन बाया बसवल्या असत्या की.

आक्का, त्या दोन बायांचीच तर पंचाईत होती. हातानं दाणे निवडणाऱ्या आपल्या गावातल्या सहा बाया, त्यांची म्होरकी बानाबाई. तिची माणसं मेंढरं घेऊन रानोमाळ, आणि ती वर्षभर दाणे निवडून घर चालवते. कंपनीच्या बैठकीत ठरलं की आता यंत्र आलं, निवडायला बाया नकोत. त्या बैठकीत मीही होतो. मी हात वर केला नाय, खालीही ठेवला नाय, कान खाजवत बसलो. (ही कचेरीतली जुनी विद्या.)

गुरुवारी सकाळी दहाचा मुहूर्त होता. पाहुणेसाहेब एक वाजता आले. तोवर मंडपातल्या दोनशे माणसांनी घामानं सतरंज्या भिजवल्या होत्या. साहेबांनी फीत कापली, कळ दाबली, यंत्र धडधडलं, टाळ्या झाल्या. आता टरफलं बाहेर टाकायचा जो पाइप असतो, त्याचं तोंड शेडच्या मागं हवं होतं. ते मंडपाकडं होतं. का होतं हे कुणी सांगत नाय. एका दमात साहेब, साहेबांचा फेटा, चौदापैकी नऊ मान्यवर आणि जिलबीचं ताट, सगळ्यांवर टरफलांचा मारा. साहेब हसून म्हणाले, "वा, उत्पादन जोरात आहे," आणि त्याच पावली गाडीत बसून सिल्लोडकडं गेले.

हसू नकोस, खरी फजिती यानंतरची आहे. कॅमेरेवाल्या यंत्राला खाली दोन तोंडं, एक चांगल्या दाण्याचं, एक टाकाऊचं. टाकाऊच्या तोंडातून दाण्यांची धार लागली. चांगल्या तोंडाखाली नवीन पोतं, त्याला हार, हळदकुंकू, आणि त्यात पडले अकरा दाणे. बद्रीनाथनं ते मोजले, पुन्हा मोजले. यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला, "आपका माल ही खराब है."

एकशे बारा घरांनी चार महिने राबून काढलेलं पीक समोर पोत्यांत उभं होतं आणि एक खोकं सांगत होतं की ते फेकून द्या. बद्रीनाथ तर खुर्चीवर बसायचं सोडून जमिनीवरच बसला. मला वाटलं, कारखाना गेला, कंपनी गेली, आणि गावात तोंड दाखवायची सोय गेली.

बानाबाई जेवायला म्हणून आली होती, पंगत उशिरा म्हणून कडेला बसलेली. ती उठली, टाकाऊच्या ढिगाजवळ उकिडवी बसली, पदरात दाणे घेतले आणि निवडायलाच लागली. सवय, दुसरं काय! मग मान वर न करता इंजिनिअरला म्हणाली, "दादा, दाणा लई चांगलाय. आमच्या मातीचा दाणा असाच लालभडक असतो. तुझ्या यंत्रानं कधी बघितला नसंल." मी हिंदीत सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला. यंत्राला फिकट गुलाबी दाणा दाखवून शिकवलेलं होतं, म्हणून आपला दाणा त्याला करपलेला वाटला. आता नव्यानं शिकवायचं तर पाच किलो चांगला आणि पाच किलो वाईट दाणा अगदी चोख निवडून हवा, एक चुकीचा चालणार नाय. तो म्हणाला, शहरात माल पाठवून निवडून आणू, दोन दिवस जातील. बानाबाईनं आपल्या पाच बायांना हाक मारली. पाऊण तासात दोन ढीग तयार. त्यानं भिंग लावून तपासलं आणि भिंग खिशात घातलं.

यंत्र शिकलं, आक्का! पोत्यात लाल दाणा असा उतरायला लागला की म्हातारी माणसं हात खाली धरून बघायला लागली. बानाबाईनं त्यातली मूठ उचलली, वास घेतला, एक दाणा बाजूला काढला. "हा खवट हाय. रंग बरा, पर आत गेलाय. ह्या यंत्राला डोळा हाय, नाक नाय." इंजिनिअरनं दाणा चावला आणि थुंकला. तिथंच उभ्याउभ्या बैठक झाली आणि पोत्यात पडायच्या आधी दाणा ज्यावरून सरकतो त्या शेवटच्या पट्ट्यावर सहा बायांना कायम कामावर घेतलं. या वेळी मी हात वर केला, दोन्ही केले.

मग मला भाषण करायला लावलं. "सन्माननीय" एवढं म्हटलं आणि समोरून बानाबाईच मधे बोलली, "आवडा कुठंय? मला निवडाय तिनंच शिकिवलं. सिल्लोडला त्या व्यापाऱ्याच्या वखारीत." माझं लिहिलेलं भाषण तिथंच संपलं. मी सांगितलं की माझी बहीण चौदाव्या वर्षापासून त्या वखारीत शेंगा फोडायची, उजव्या अंगठ्याचं नख चिरलं ते अजून सरळ आलं नाय, आणि मी त्याच गावात शाळेत बाकावर बसून भूगोल पाठ करायचो. पुढचं बोलता येईना. लोकांना वाटलं घशात टरफल गेलं. चौघांनी पाठ थोपटली, एकानं पाणी पाजलं. मीही टरफलाचंच निमित्त केलं.

आता कारण. यंत्र तुझ्यासमोर बंद पडलं असतं तर मला सोसलं नसतं. चालतं झालं की तुला दाखवू, असं ठरवलं होतं. साठी उलटलेला माणूस बहिणीला भितो हे पत्रिकेवर कसं छापायचं? म्हणून बोलावलं नाय. चुकलं. हे वाक्य मी चारदा लिहून खोडलं, पाचव्यांदा ठेवलंय.

घरातल्या थोरांना नमस्कार (म्हणजे तुलाच), धाकट्यांना आशीर्वाद, आणि माझ्यापायी आशाला खोटं बोलावं लागलं त्याबद्दल तिची माफी.

तुझा,
रामकिसन

ता. क. एक काम होतं, अगदी लहान. पट्ट्यावर गावातल्या आणखी चार सुना यायच्या म्हणतात, त्यांना वासावरून दाणा ओळखायला शिकवावं लागेल. बानाबाई म्हणते, आवडा आठ दिवस येऊन बसली तर शिकवीन, एकटी शिकवणार नाय. घाई काहीच नाय. गुडघा बरा झाला की, सवडीनं, जमलं तर बघ.

ता. क. २. वरचं "सवडीनं" वाचू नकोस. हे पत्र घेऊन आलेला फकिरा कंपनीच्या गाडीवर असतो. तू हे वाचतेस तोवर तो तुमच्या जिन्यात उभा असेल. पुढच्या सीटवर गोधडी दुहेरी घालून दिलीय, पाय लांब करता येतात. तो लाजाळू आहे. चहा मागणार नाय, आणि तू गाडीत बसल्याशिवाय तिथून हलणारही नाय.