कुणाची हरकत?

मंगळवार, दिवेलागण. अहमदपूर.

मोबाइल कंपन्यांच्या क्लाउडसाठी, म्हणजे फोन जोडणाऱ्या दूरच्या संगणकांसाठी, आम्ही देशोदेशीचे इंजिनिअर मिळून जे खुले नियम लिहितो, त्यातली एक अट आज ऐच्छिक झाली: मुख्य केबल तुटली तरी गावातले फोन गावात चालले पाहिजेत. ऑनलाइन बैठकीत अध्यक्षांनी इंग्रजीत विचारलं, कुणाची हरकत? आमच्यात गप्प राहणं म्हणजे होकार. मी गप्प राहिलो. इंग्रजीत अडखळेन म्हणून?

मग कंधारकडून थोरल्या अक्काचा फोन.

"आत्ता रेंज आली बघ, कालपासून केबल तुटली होती म्हणं. काल सासूबाईला धाप लागली, गावातल्याच गाडीवाल्याला फोन लागंना. तू फोनचंच काम करून राहिलास ना रे?"

"हाव, अक्का."

"मग सांग की त्यांना!"

सांगायचं तेव्हाच गप्प राहिलो. देवापुढे हात जोडवेनात. लेखी हरकतीला उद्यापर्यंत मुदत आहे. आधी ती लिहितो, मोडक्या इंग्रजीत का होईना. दिवा नंतर.