दाजी दवाखान्यात जात नाहीत

९ जाने. ७२, रविवार
आज दाजींनी परत उसाची मोळी गाडीत चढायच्या फळीवर अर्ध्यातच टाकली. म्हणाले, पाय सरकला. पायबिय काही सरकला नाही. मी वर गाडीत ऊस लावत होतो, मला त्यांचं तोंड दिसलं. पांढरंफटक. मग तसेच उसात शिरले. मी मागून गेलो. बघतो तर पाचटावर उताणे पडलेत, धोतर सोडलेलं, जांघेत आंब्याएवढी गाठ आणि दोन्ही हातांनी ती आत ढकलतायत.
"आसं दाबलं की जातं आत."
किती दिवस? तर दोन वर्षं. दोन वर्षं हा माणूस तिसगावहून गाडीबरोबर पायी इतक्या लांब येतो, दिवसभर ऊस तोडतो, मोळ्या डोक्यावर घेऊन फळी चढतो, आणि वर
"तुझ्या आक्काला बोलशील तर बघ."
माझी सख्खी बहीण. तिच्याच नवऱ्याचं तिला सांगायचं नाही. लई राग आला. रागात मोळ्या वाकड्या लावल्या, गाडी एका अंगाला कलली, त्याची बोलणी वेगळी खाल्ली.

१० जाने.
दाजी जुन्या धोतराची पट्टी करून जांघेला आवळतात. त्यानं चालीत फरक पडलाय. भानुदास मुकादम फडात सगळ्यांसमोर म्हणाला, "काय पाव्हणं, नव्या नवरीवानी चालाय लागले? दिवस गेले का काय?"
सगळी टोळी हसली. मीपण हसलो. लिहून ठेवतो. मीपण हसलो.
गेल्या आठवड्यात सखूबाईला ताप आला तर बाया गोळा झाल्या. तिच्या वाटची उसाची पात सगळ्यांनी मिळून तोडली, कुणी पेज केली, कुणी पाय चेपले. गड्याचं दुखलं की आधी हसायचं, मग तंबाखू पुढं करायची. झालं औषध.

१३ जाने., गुरु.
आक्काला कळलं. कळलं कसलं, ठाऊकच होतं.
"दीड वरीस झालं. धोत्राच्या पट्ट्या धुतं कोन? तू?"
मग बोलली का नाहीस?
"त्येंनी सांगितलं आसतं तर बोलले आसते. गडी मानूस, लाजंल म्हून गप ऱ्हायले."
म्हणजे हा तिच्यापासून लपवतो आणि ही त्याच्यापासून लपवते की तिला कळलंय. गाठ आपली वाढतीय.
जेवताना मी विषय काढलाच. दवाखान्यात चला म्हणलो. दाजींनी भाकरी खाली ठेवली.
"तिथं कापत्यात."
कापणारच की. त्याशिवाय गाठ कशी जाणार?
"त्ये न्हाई. दुसरं. नसबंदी. टेबलावर निजवलं की मानूस त्येंचा. नाव गाठीचं सांगायचं आन् काम उरकून घ्यायचं. आपल्याला काय दिसतंय खालचं?"
दोन मुली आहेत त्यांना, गावाकडं म्हातारीपाशी. मुलगा पाहिजे. आक्का चुलीत पाचट सारत राहिली.
कुणी सांगितलं असं? "समदे म्हनत्यात." टोळीत विचारलं. खरंच समदे म्हणतात. डोळ्यांनी बघितलेला एक नाही.

१६ जाने., रवि.
आज रागातच लिहितोय, अक्षर वाईट येणार.
सकाळी दाजी पाचटाच्या कोपीबाहेर वाकून बसले, उठेनात. मुकादम आला. म्हणाला, बेंबी सरकलीय, तात्याला बोलवा. तात्या आमच्या टोळीतला सगळ्यात म्हातारा. मुरगळलेला पाय, धरलेली पाठ, सगळं तोच चोळतो आणि बरंही होतं, ते खोटं नाही. त्यानं दाजींना उताणं निजवलं, बेंबीवर कणकेचा दिवा ठेवला, पेटवला, वर तांब्या पालथा घातला. दिवा विझला तसं पोट तांब्यात ओढलं गेलं. सगळे कौतुकानं बघतायत. आणि जांघेतली गाठ दगडासारखी झाली. दाजी असे ओरडले की बैल उठून उभे राहिले.
मी लाथ मारून तांब्या उडवला.
मग दंगा. "वडीलधाऱ्याच्या अंगावर पाय टाकतो?" आणि मला थोबाडीत कुणी दिली, तर दाजींनी. पडल्या पडल्या. स्वतःचा जीव चाललाय आणि तात्याचा मान राखतायत!
दुपारपर्यंत घाम, कळा. मग आपोआप आत गेली गाठ. तात्या सगळ्यांना सांगत फिरतो, बसली बेंबी.

१७ जाने., सोम.
शांतवनबाबा म्हशीसाठी वाढं, उसाचे शेंडे, न्यायला सायकलवर आले. जवळच्याच वाडीत राहतात, ख्रिश्चन, जन्मभर दवाखान्यात ड्रेसर होते, आता घरीच असतात. नेहमी वाढ्याचा भारा बांधून निघून जातात. आज दाजींना चालताना बघितलं आणि सायकल लावली.
"किती दिवसांचा अंतर्गळ आहे?"
दाजींनी धोतर सावरलं. मी सांगितलं सगळं, तांब्यासकट. बाबांनी डोक्याला हात लावला.
"अरे, ते आतडं आहे! पोटाची भिंत फाटून आतडं बाहेर येतंय. काल गेलं आत, नशीब. एक दिवस अडकलं आणि उलट्या सुटल्या, तर लगेच दवाखाना. बसून राहिलात तर माणूस हाती लागत नाही."
दाजी म्हणाले, "तुमी दवाखान्यातले. तुमी आसंच म्हननार."
बाबा रागावले नाहीत. मीच रागावलो. रात्रंदिवस मीच रागावतोय, बाकी सगळे कसे गार.

२३ जाने., रवि.
कारखान्यात काहीतरी मोडलं म्हणून आज तोड बंद. गडी तळावर बसून कोयते घासत होते. शां.बाबा आले. वाढं नव्हतंच आज. मीच निरोप दिला होता.
आल्या आल्या म्हणाले, "बायांनो, जरा पाणी आणायला जाता का सगळ्या?" बाया हसत गेल्या. मग बाबांनी चारचौघांत लेंग्याची नाडी सोडली. मुकादम ओरडला, "आवो बाबा, येड लागलं का!" बाबांनी लेंगा जांघेपर्यंत उतरवला आणि बोट ठेवून दाखवलं. जांघेवर तिरका वण. पांढरा, बोटभर लांब.
"बघा नीट. हात लावून बघा. अंतर्गळाचं ऑपरेशन. तेव्हा माझं वय ह्याच्याएवढं. त्यानंतर मला दोन पोरगे झाले. दोघं हयात आहेत, विचारा जाऊन."
कुणी हसलं नाही. आधी तात्या पुढं झाला. वाकून बघितलं, खरंच बोट फिरवलं वणावरनं. म्हणाला, "टाका लई बारीक हाय." मग दाजी उठले. पुष्कळ वेळ बघत होते.
बाबांनी नाडी बांधली, खाली बसले आणि म्हणाले, "माझं झालं. आता तुमचं कुणाचं काय दुखतंय ते बोला."
गडी कोयते घासत राहिले. मग बापू पैलवान, ज्याच्यासारखी मोळी कुणी उचलत नाही, मान खाली घालून म्हणाला, लघवीला आग होते. गेल्या सुगीपासून. पाणीच कमी पितो त्यासाठी. बाबा म्हणाले, उलटं करतोयस गाढवा, जास्त पी आणि माझ्याबरोबर चल. तात्याला उजव्या डोळ्यानं दिसत नाही, डाव्यानंही अंधुकच. ऊस हातानं चाचपून तोडतो! आम्ही म्हणत होतो म्हातारा सावकाश काम करतो. आणि नामदेव, दिवसभर नकला करून हसवणारा नामदेव, म्हणाला, भाऊ गेल्यापासून झोपच न्हाई. डोळा लागला की तो हाक मारतो. एवढं बोलून रडायला लागला. तात्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.
मला आनंद व्हायला पाहिजे होता. संतापच आला. एका चुलीच्या धुरात झोपतो आम्ही, एका फळीवरनं चढतो. प्रत्येकाला वाटतंय आपलंच एकट्याचं सडलंय.

२४ जाने.
मुकादम आडवा आला. म्हणाला, "हे गड्यांचं रडगानं बंद करा. हा दवाखान्यात गेला की परत मोळी उचलनार कवा? कोयता मोडला म्हंजे गाडी उभी. कारखान्याची बोलनी मला."
कोयता मोडला म्हणजे जोडी मोडली. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातला नवरा आजारी पडला तरी माणूस पडत नाही, कोयता मोडतो.
मी तोंडाला येईल ते बोललो. काय बोललो ते इथं लिहीत नाही. पण काम झालं ते तात्यामुळं. म्हणाला, "सखूची पात बायांनी तोडली तवा तुजी गाडी हुबी हुती का? न्हाई ना? मंग ह्याची मोळी आमी उचलू. मला दिसत न्हाई, उचलाया दिसावं लागत न्हाई." बापूनं मान डोलावली. नामदेवनं मुकादमाची हुबेहूब नक्कल करून दाखवली, मुकादमच हसला. म्हणाला, बघू किती दिवस टिकतंय.

२७ जाने., गुरु.
दाजी तयार झाले. मी, ते, शां.बाबा, एस.टी.नं मोठ्या दवाखान्यात. तपासायला आत नेलं. मी पडद्याजवळ उभा. दाजी टेबलावर, धोतर सोडलेलं, वर बघतायत. डॉक्टरांनी खोकायला लावलं, दाबून बघितलं, म्हणाले ऑपरेशन करावं लागेल. आणि मग, लिहिता लिहिता,
"मुलं किती?"
"दोन मुली."
"अजून पाहिजे का? एकदमच दोन्ही होऊन जाईल."
दाजी उठले. धोतर हातात धरून निघाले ते थेट रस्त्यावर. डॉक्टर म्हणतायत, अहो, विचारलं फक्त, नको तर नको. पण ऐकायला थांबलंय कोण. दाजी परतीच्या एस.टी.त चढून बसले.
डॉक्टर वाईट माणूस नाही वाटला. पण विचारायची ही जागा? माणूस उघडा पडलाय, आधीच मेल्यासारखा झालाय, आणि तुम्ही मान वर न करता विचारता. पाणी पिऊ द्या, धोतर नेसू द्या, मग विचारा की. चिडलो दोघांवर. दाजींवर जास्त.
टोळीत आता सगळे म्हणतायत, बघा, आमी म्हनत हुतो!

१ फेब्रु.
काल गाठ परत अडकली होती. थोडा वेळच, पण दाजींनी दोनदा ओकारी काढली. मी गाडी जुंपली. तोवर आत गेली. गाडी सोडली.
आज आक्का बोलली. फडात, सगळ्यांसमोर, कोयता हातात. तिला इतकं बोलताना मी लहानपणापासून बघितलं नाही.
"पोरगा पायजे, पोरगा पायजे. कुनाला पायजे? मला इचारलं का कवा? मला दोन पोरींचा बाप पायजे. तुमी उसात मरून पडल्यावर पोरगा काय माज्याबरूबर मोळ्या उचलनार हाय?"
दाजी हळूच म्हणाले, "हळू बोल, लोक ऐकत्यात."
"ऐकू द्या! बाया समद्या ऐकतायत, गड्यांनीपन ऐकावं!"
बायांनी कामं थांबवली होती. गडी उसाकडं बघत होते. मला वाटलं दाजी आता कोयता फेकतात का काय. ते खाली बसले आणि ऊस तोडायला लागले.

४ फेब्रु., शुक्र.
दाजी आपणहून म्हणाले, जातो. अट अशी की कागदावर लिहून पाहिजे, फक्त गाठ, दुसरं काही नाही. आणि तो कागद मी वाचायचा. मी चौथी नापास. टोळीत मीच वाचणारा.
आक्का रात्री पुढच्या कामाची वाटणी सांगत होती, तू काय उचलणार, बापू काय उचलणार. दाजी ऐकत होते. त्यांच्याबद्दल बोलणं चाललंय आणि ते पाव्हण्यासारखे बसलेले.

८ फेब्रु., मंगळ.
दवाखान्यातूनच लिहितोय, बाकावर बसून. शां.बाबा आत ओळखीच्या माणसांशी बोलतायत.
कागद आला. सगळा इंग्रजीत! दाजींनी मला दिला, "वाच." मी बघत बसलो. एक अक्षर कळेना. माणसाच्या अंगावर काय करणार ते त्याच्या भाषेत लिहायला काय जातं ह्यांचं? मी तिथल्या बाईंना म्हणलो, मराठीत लिहा. बाई म्हणाल्या, सगळ्यांचा असाच असतो, अंगठा लावा. मी म्हणलो, लावणार नाही. आवाज चढला माझा. डॉक्टर बाहेर आले. मला वाटलं आता हाकलतात. त्यांनी दाजींकडं बघितलं, ओळखलं, खुर्ची ओढून समोर बसले आणि कागदाच्या खाली आपल्या हातानं मराठीत लिहिलं. मी मोठ्यानं वाचलं. फक्त अंतर्गळाचे ऑपरेशन. दुसरे काही करणार नाही.
दाजी म्हणाले, परत वाच. परत वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवून एकेक शब्द.
"हेच लिवलंय ना? तू बनवत न्हाईस ना मला?"
तुमच्या पाया पडतो, हेच आहे.
अंगठा लावला. ऑपरेशन उद्या सकाळी. खिडकीजवळची खाट दिलीय. बाबा सकाळी येतो म्हणालेत. मला थांबता येत नाही, पहाटे गाडी भरायची आहे, दाजींच्या वाटच्या मोळ्या आता माझ्या. संध्याकाळी पाचची एस.टी. आहे.
आत्ता उठून बघून आलो. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा विचारत होता, तुमचं काय? दाजींनी सांगितलं त्याला. पडदा न ठेवता, जांघेवर हात ठेवून, सगळं. म्हातारा म्हणाला, माझंपण तेच. मी म्हणलो, निजा आता जरा. म्हणाले, निजतो, तू जा.
खाटेच्या कडेला बसलेत. चपला अजून पायात आहेत.