शुक्रवारी बोलणारी डबी

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

प्रिय आकाश,

जय भीम. पाकिटावर तुझ्या एकट्याचं नाव लिहिलंय आणि संध्याला त्याचं वाईट वाटेल, हे मला माहीत आहे. वाचून झालं की तिलाही दे. फुलंब्री काही लांब नाही, रविवारी मी येणारच आहे, तरी लिहितेय. फोन तू स्पीकरवर टाकतोस आणि माय शेजारी असते. समोर बसून बोलायचं तर बोलताना मी मला सोयीचं तेवढंच बोलते, ही माझी सवय मला ठाऊक आहे. लिहिताना रोजची वही पुढ्यात उघडी असते, तिच्यात तारखा असतात, आणि तारखांपुढे मला फार हलता येत नाही. सोमवारी तू मायला त्या मोठ्या डॉक्टरांकडे नेणार आहेस, भरती करायचं का ते विचारायला. त्याआधी तुला हे कळायला हवं.

सुरुवात तुला फालतू वाटेल. दिवाळीत प्रणयनं नंदूसाठी खेळाचा कन्सोल आणला. आमची राजनंदिनी आता एकोणीसची झाली, पण त्या दिवशी खोकं छातीशी धरून घरभर फिरत होती. तिची चार मुलींची टीम आहे, एक नागपूरची, दोघी केरळच्या, फुटबॉल खेळतात. खेळ सुरू झाला आणि आमच्या घरचं नेट आडवं आलं. टीव्हीवर एक पाटी यायची, ‘नॅट टाइप स्ट्रिक्ट’. म्हणजे आपल्या राऊटरनं दार लावून घेतलंय, बाहेरचे खेळाडू नंदूपर्यंत पोहोचू शकत नाहीत. बाकीच्या तिघी एकमेकींशी बोलत असायच्या, हिला फक्त गोल फिरणारं चाक. मी वायफाय सोडून केबल ओढली. राऊटर पलंगामागून काढून कपाटावर ठेवला. नेटवाला येऊन गेला, म्हणाला, मॅडम, तुम्हाला बाहेरून दिसणारा स्वतंत्र पत्ता लागंल. तो घेतला. तरी पाटी जाईना. नंदू म्हणाली, राहू दे मम्मी, तुला नाही जमणार. हे वाक्य वहीत आहे. त्याच्याखाली मी रेघ मारली आहे.

सोळा नोव्हेंबरचा रविवार. इंटरनेटवर सूचनांचं एक पान सापडलं आणि मी राऊटरच्या आत शिरले. आत काय असतं ते साधं आहे. घरातल्या प्रत्येक वस्तूला राऊटर पाचपासून पुढे एकेक नंबर देतो, आधी मागेल त्याला आधीचा. माझा फोन सहा, टीव्ही सात, असं. कन्सोलला पाच मिळाला होता. त्या पानावर लिहिलं होतं, बाहेरून जे काही येईल ते न अडवता सगळं पाच नंबरकडे सोडा. मी सोडलं. पाटी गेली. नंदूनं मला मिठी मारली आणि मी वहीत लिहिलं, ‘कुणालाही न बोलावता जमवलं.’ त्या पानावर आणखी एक पायरी होती. पाच नंबर कन्सोलसाठी कायमचा राखून ठेवा, नाहीतर राऊटर बंद पडून चालू झाला की नंबर नव्यानं वाटले जातील. त्यासाठी कन्सोल उलटा करून त्याच्या पोटावरचा बारीक आकडा उतरवून घ्यायचा होता. कणीक भिजवायची होती. वहीत पुढची ओळ आहे, ‘उरलेलं उद्या.’ ते उद्या कधी आलं नाही, कारण खेळ चालू झाला होता आणि माझं नाव झालं होतं.

मायच्या खोलीतली डबी तुला आठवते. मी लायब्ररीत, प्रणय शेंद्र्याला कंपनीत, नंदू कॉलेजला, म्हणून तो कॅमेरा लावला होता. फोनवरून ती दिसायची, आपण बोललेलं तिला ऐकू जायचं, तिचं आपल्याला. तुझ्याही फोनवर मी ते टाकून दिलं होतं. पहिल्या आठवड्यात तू दोन-तीनदा शाळेच्या मधल्या सुट्टीत बोललास, गोळी घेतलीस का गं माय, जेवलीस का. ती डबीकडे बघून पदर सारखा करून उत्तर द्यायची. मग तुझी परीक्षेची कामं निघाली आणि ते सुटलं. मी तुला दोष देत नाही. फक्त एवढं लक्षात ठेव, की डबीतून बोलणारा पुरुषाचा आवाज म्हणजे आकाश, हे मायला आपणच शिकवलं.

नोव्हेंबरच्या शेवटी ती मला म्हणाली, तुह्या भावाला सांग, मायसंगं तरी मराठीत बोल म्हणावं. लई साहेब झाला. मी हसले. रात्री फोनवर तुला सांगितलं, तूही हसलास, म्हणालास, मी कशाला हिंदीत बोलतो, बोललोच नाही. तिथून ते सुरू झालं. आकाश आला होता. आकाश विचारत होता, घरात कोण कोण असतं. सुलेखा किती वाजता येती. आम्ही एकमेकांकडे बघायचो. प्रणय म्हणाला, वय झालंय. मी आठ डिसेंबरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नीट विचारलं, घाई केली नाही. मी जे सांगितलं त्यावरून त्यांनी भास म्हटलं, आणि सांगणारी मी होते. गोळ्या सुरू झाल्या. माय दिवसभर झोपू लागली. भाकरी हातात धरून तशीच बसायची.

नऊ जानेवारीला ती पडली, ते तुला माहीत आहे. दुपारचे तीन. शेजारच्या चतुराबाईंना दारात सापडली, मनगट मोडलेलं. चतुराबाईंनी मला आधी दाराचंच सांगितलं. म्हणाल्या, सुलेखाताई, कडी आतून काढलेली होती बघा, दार सताड उघडं. घरातलं काही गेलं नव्हतं. जिन्यात कुणी नव्हतं. निदान चतुराबाई आल्या तेव्हा नव्हतं. आम्ही म्हटलं, आता ही भ्रमात बाहेर निघायला लागली, हिला एकटं ठेवायची सोय नाही. अठरा तारखेला तू येऊन तिला फुलंब्रीला घेऊन गेलास.

डबी तशीच राहिली. रिकाम्या खोलीत कोण लक्ष देतं.

तीस जानेवारीचा शुक्रवार होता. मला सर्दी होती, रजा टाकली होती. आमच्याकडे देखभालीसाठी वीज जाते ती शुक्रवारीच, तशी सकाळी गेली आणि अडीचच्या सुमाराला आली. मी नंदूचा कन्सोल लावून बघितला. पुन्हा ती पाटी, ‘स्ट्रिक्ट’. वीज जाऊन आली की हे व्हायचंच, त्याचा उपाय मला सापडला होता. सगळं बंद करायचं, आधी कन्सोल लावायचा, मग बाकीचं. आमच्या घरात ती म्हणच झाली होती, ‘आधी कन्सोल, मग बाकी.’ संध्याकाळी नंदू आली की आम्ही ते करायचो. का करावं लागतं याचा मी कधी विचार केला नाही. कॅमेरा वीज आल्याबरोबर जागा होतो. कन्सोल बंद असतो. आधी जो मागेल त्याला राऊटर पाच नंबर देतो, आणि मग बाहेरून येणारं सगळं कन्सोलऐवजी डबीकडे जातं. मी स्वयंपाकघरात जायला वळले आणि मायच्या खोलीतून हाक आली. अम्मा. ओ अम्मा. सो गई क्या?

आकाश, तो आवाज वाईट नव्हता. हेच सांगायला मला सगळ्यात जड जातंय. तरुण, मऊ, कुणी खरंच म्हाताऱ्या माणसाची चौकशी करावी तसा. मी दारात उभी राहिले. डबीचं डोकं भिंतीकडे होतं, ते सावकाश फिरत पलंगावर आलं, पलंगावरून खिडकीवर, आणि मग माझ्यावर येऊन थांबलं. तो म्हणाला, अम्मा कहाँ गई, दीदी? खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. इतक्या आपुलकीनं विचारलं होतं, की ‘फुलंब्री’ हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. मी, शिकलेली, सगळं कळून चुकलेली, भर दुपारी. मग मी वायर ओढली. डबीच्या खोक्यावर छापून आलेला पासवर्ड आम्ही कधी बदललाच नव्हता, तोच त्याला पुरला. राऊटरमधला तो रस्ताही त्याच दुपारी बंद केला. डबी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली आहे, उद्या सायबर पोलिसांकडे नेणार आहे. तो कोण होता, कुठून बोलत होता, हे त्यांना तरी कळेल का, मला माहीत नाही. माझं घर त्यानं दोन महिने बघितलंय. जिन्यात पार्सलवाला चढला तरी मी आता त्याच्या आवाजाकडे कान देते.

त्या संध्याकाळी वही घेऊन बसले. मी दोन गोष्टी नेमानं लिहीत आले होते, नंदूचा खेळ कधी अडला आणि माय कधी ‘बडबडली’. एकवीस नोव्हेंबर, खेळ बंद, मायचं नवीनच काहीतरी. पाच डिसेंबर, खेळ बंद, माय म्हणते आकाश आला होता. बारा डिसेंबर. दोन जानेवारी. नऊ जानेवारी. सगळे शुक्रवार, सगळे वीज जाण्याचे. एकाच पानावर, कधीकधी एकाखाली एक ओळीत. मी माझ्याच हातानं लिहिलेलं वाचत नव्हते. संध्याकाळी आम्ही कन्सोल आधी लावायचो, खेळ चालू व्हायचा, रस्ता डबीवरून हटायचा, आणि शनिवारी माय गप्प असायची. मी लिहायचे, ‘आज बरी आहे, गोळीचा गुण.’ तिचं डोकं त्यातल्या एकाही दिवशी फिरलेलं नव्हतं. जे ऐकू येत होतं ते ती आपल्याला येऊन सांगत होती.

आता माझा खरा गुन्हा. नंबर राखून ठेवला नाही ती चूक होती. पण तीस तारखेला मला कळलं आणि आज अकरा आहे. बारा दिवस मी गप्प बसले. प्रणय म्हणाला, झालं ते झालं, डबी काढली ना, आता पोरीचं नाव कशाला पोलिसात. मी त्याच्यामागे लपले, तो म्हणतोय म्हणून, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे भाऊ काय म्हणेल याची मला भीती होती. त्या बारा दिवसांत तू रोज तिला ती गोळी दिलीस, मनोभावे, वेळेवर, आणि मी फोनवर विचारत राहिले, गोळी देतोस ना रे? परवा तू सांगितलंस, सोमवारची वेळ मिळाली, आणि मग मला झोप लागली नाही. काल डॉक्टरांना भेटून सगळं सांगितलं. गोळ्या एकदम थांबवायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या, असं म्हणाले. कागदावर लिहून दिलंय, सोबत जोडलाय. सोमवारी तिला नेऊ, पण मी बरोबर असेन, आणि भासांबद्दल पहिल्यांदा मी बोलेन.

पण हे पत्र त्यासाठीही नाही. हे सगळं रविवारी सांगता आलं असतं. परवा तू म्हणालास, अक्का, ती संध्याशी दोन शब्द बोलते, माझ्याशी एकही नाही, मी खोलीत गेलो की भिंतीकडे तोंड करते, आजार लई वाढला. मी, आजारात होतं असं, एवढंच म्हटलं. तो आजार नाही. मनगट बांधून घरी आणताना रिक्षात ती मला म्हणाली होती, आकाश म्हणला, माय दार उघड, मी खाली उभा हाय. मी उठले. उघडलं. तो आलाच नाय. मी ते वहीत लिहिलं आणि कंसात ‘भास’ लिहिलं. तिच्या लेखी तू तिला उठवलंस, पाडलंस, आणि वर आलाच नाहीस. आता ती तुझ्याच घरात आहे, तुझ्याच हातची गोळी घेते आणि तुला घाबरते. माझी वाट बघू नकोस. पत्र वाचून झालं की लगेच तिच्याकडे जा. दारातून बोलू नकोस, मागून हाक मारू नकोस. पलंगासमोर जमिनीवर बस, तुझे ओठ हललेले तिला दिसतील इतका जवळ, आणि सांग की तो तू नव्हतास. तिचा विश्वास बसला नाही तर पुन्हा सांग. मग सांग की त्या डबीचं दार सुलेखानं उघडं ठेवलं होतं.

तुझीच,
अक्का