ओसरीवरची आडाची गोष्ट

गावाकडून,
सोमवार, २१ जुलै २०२५

मंगलताईस,
धाकटीचा नमस्कार.

इकडं सगळी खुशाल, असं आधी लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. माय बरी आहे. गुडघ्याचं रडगाणं चालूच, आणि डॉक्टरचं एक अक्षर ऐकत नाही. म्हशीला रेडी झालीय. अंगदनं पुन्हा मिशा वाढवल्यात. त्या त्याला शोभत नाहीत हे सगळं गाव त्याला सांगून दमलं. आप्पा कालपासून फार बोलत नाहीत. त्याचं कारण पुढं येईलच.

तुला वाटेल, ही बया मोबाईल सोडून कागद कशाला खराब करतीय. छबुबाई कासारीण पंचमीच्या बांगड्या भरायला तुमच्याकडं येणारच होती. तिला सांगितलंय, ताईचा हात हातात घेतल्यावरच चिठ्ठी दे, आणि सासूबाई शेजारी बसल्या असतील तर देऊच नको. वाचून झालं की चुलीत घाल. गेल्या आठवड्यात मी तुमच्या घरच्या मोबाईलवर तुला "जेवलीस का" विचारलं, तर नुसतं "हो" आलं. ताई, तू जन्मात कधी नुसतं "हो" म्हणाली नाहीस. तुझं उत्तर भाजीपासून सुरू होतं आणि शेजारणीच्या भांडणावर संपतं. म्हणून आता मोबाईल नको, कागदच.

आमचं कॉलेज बरं चाललंय. माझ्या प्रोजेक्टचं तर विचारू नको. वर्गातल्या पोरांनी दवाखान्याच्या नोंदी आणि लायब्ररीची पुस्तकं असलं काहीतरी केलं, आणि मी "ओसरी" केली. आपल्या भागातल्या लिहिणाऱ्यांनी मोबाईलवरच येऊन बसायची जागा. ज्याला कथा सुचेल त्यानं कथा टाकावी, ज्याला कविता त्यानं कविता, बाकीच्यांनी वाचून बरं-वाईट बोलावं. सर म्हणाले होते, "इथं कोण लिहिणार गं, माणसं ऊसतोडीला जातात." आणि बघता बघता माणसं आली. एसटीचा एक कंडक्टर तिकिटाच्या मागं सुचलेल्या ओळी टाकतो. नर्सिंगची एक पोरगी भुताच्या इतक्या भारी गोष्टी लिहिते की हॉस्टेलच्या पोरी दोघी दोघी मिळून संडासला जायला लागल्या. सगळ्यांना टोपणनाव सक्तीचं. तो नियम मी केला, पोरीबाळींना धास्ती नको म्हणून. लई शहाणी ना मी.

टोपणनाव लोकांना दिसतं. पण खातं काढायला मोबाईल नंबर लागतो, आणि नंबर माझ्याकडं असतो. आपल्याकडं बाईचा स्वतःचा नंबर कुठं असतो गं? मे महिन्यात मी तुझ्याकडं आलते, तेव्हा तुमच्या सैपाकघरातल्या फळीवरचा तो मोबाईल, सगळ्या बायांचा मिळून एक, नंबर दाजींच्या नावावर, तोच मी घातला. आलेला कोड बघितला आणि लगेच पुसून टाकला. दोघी कशा हसलो होतो. तू म्हणालीस, "मला कुठं येतंय लिहायला." आणि जूनमध्ये तू "आडाचं पाणी" टाकलीस.

ताई, ती गोष्ट मी वाचली तेव्हा आमच्या खोलीत पोरी जेवत होत्या. मी ताटावरून उठले. मोठ्या घरातली सून दूध तापवत असते. मागच्या दारानं आडाकडून आवाज येतात, सालगड्याच्या बायकोचा आणि घरातल्या धाकट्याचा. आधी दोघांचे, मग एकाचाच. दूध उतू जातं, भगुनं करपतं, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात पाण्याचे जार यायला लागतात. मी तुला काहीच विचारलं नाही. तुमच्या सालगड्याची बायको बायडाबाई आडात पाय घसरून पडून गेली असं सगळे सांगतात हे मला ठाऊक होतं, जार कधी सुरू झाले तेही ठाऊक होतं, तरी मी फक्त "छान लिहिलंस" एवढंच कळवलं. मला भीती वाटली. विचारलं तर तू सांगशील याची.

आता जे टाळतेय ते लिहिते. सर म्हणाले, लोक येत नाहीत, त्यांना मेसेज जायला पाहिजेत. म्हणून मी एक सोय केली. महिन्यात ज्याची गोष्ट सगळ्यांना जास्त आवडेल, त्याच्या नंबरवर अभिनंदनाचा मेसेज आपोआप जाणार, गोष्टीचं नाव आणि पहिल्या दोन ओळींसकट. मेसेज कोणाच्या फळीवर जाऊन वाजणार हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. कंडक्टर नाही, भुतंवाली नाही, तुझीच गोष्ट पहिली आली. आणि मेसेज वाजला तेव्हा मोबाईल तुझ्या दिराच्या, भारतभाऊंच्या हातात होता.

हे मला कसं कळलं, तर भारतभाऊ हॉस्टेलवर आलते. हातात पेढे. त्यांनी गेटजवळच्या बाकड्यावर मला बसवलं आणि म्हणाले, "कावून घाबरली? पाव्हणा हाय मी." पेढा खायला लावला. मग मोबाईल काढून मेसेज दाखवला. "आमच्या घरातलं कोण लिवतंय तुझ्या त्या ओसरीवर?" आवाज एकदम मऊ. मला माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मी म्हणाले, मीच लिहिलीय. मेमध्ये आलते तेव्हा त्या मोबाईलवरून खातं मीच काढलं, आणि गोष्टही माझीच.

"आडाचं तुला कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, कुणी नाही, मनानं रचलं. प्रोजेक्टला गोष्टी कमी पडत होत्या.

त्यांनी मोबाईल खिशात घातला. मग हसले. "मला वाटलंच. आमच्या घरातल्या बायांना सही करायला आंगठा शोधावा लागतोय, त्या काय गोष्टी लिवणार." ताई, तू बारावीला तालुक्यात पहिली आलीस. मला त्यांच्या तोंडावर ते सांगावंसं वाटलं आणि मी दात आवळून बसले. त्यांच्या त्याच हसण्यावर तू आज सुखरूप आहेस, हे ध्यानात ठेव. त्यांच्यासमोर मी गोष्ट काढून टाकली. जाताना म्हणाले, "वहिनी यंदा पंचमीला येणार न्हाईत. घरी काम हाय. तूच ये भेटायला, तात्याबांना तुझ्याशी बोलायचंय." तुझे सासरे माझ्याशी लग्नातसुद्धा बोलले नव्हते.

त्यांची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी तशीच पांढरी गाडी कॉलेजच्या वळणावर होती. तशा गाड्या जिल्ह्यात ढीगभर आहेत, मला कळतं. तरी मी वर्गात न जाता बसस्टँड गाठलं आणि घरी आले. तेव्हापासून कुणी दार वाजवलं की मी आधी खिडकीतून बघते. माय म्हणते, पोरीला नजर लागली. मिठानं दृष्ट काढून झाली.

आप्पांना मी सगळं सांगितलं. रागावू नको. एकटीला झेपेना. गोष्टीची एक प्रत माझ्याकडं होती, ती त्यांनी चष्मा लावून, मोबाईल लांब धरून वाचली. परत वाचली. मग म्हणाले, "ही रचलेली न्हाई." मी म्हणाले, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, "रचणाऱ्यानं आडाचं वर्णन केलं असतं. हिनं करपलेल्या भगुन्याचं केलंय. हिला आडाकडं बघायची हिंमत झालेली न्हाई."

मग ते बाहेर जाऊन बसले आणि संध्याकाळी आत येऊन मायला म्हणाले, यंदा मुऱ्हाळी म्हणून अंगद जाणार नाही, मी जाणार. लेकीला पंचमीला आणायला भाऊ जातो, बापानं मुऱ्हाळी जायचं म्हणजे लोक काय म्हणतील? आप्पा म्हणाले, "लोकांनी म्हणावं म्हणूनच जातोय." ते एकटे येणार नाहीत. भावकीतली चार वडीलधारी माणसं, शिदोरीची दुरडी, आणि गाडी मारुतीच्या पारापाशी उभी करून भर सकाळी गावातून चालत येणार. तात्याबांना झेडपीला उभं राहायचंय. पारावरच्या लोकांदेखत त्यांनी मुऱ्हाळ्याला रिकाम्या हातानं परत लावलं तर पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही. आप्पांचा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. माझा तितका नाही, पण दुसरं काही सुचत नाही.

तर शनिवारी सकाळी ते येतील. तोवर ऐक. कुणी विचारलं तर म्हण, संस्कृतीला लहानपणापासून खोटं रचायची खोड आहे. मला शिव्या घाल, खुशाल घाल. आपण लिहिलंय हे तुझ्या तोंडून चुकूनसुद्धा निघू देऊ नको. दाजींपुढंही नाही. ते वाईट नाहीत, पण भावापुढं त्यांचा आवाज निघत नाही हे तूच मला सांगितलंस. मला माहितीय, तुला राग येईल. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांनी तुझं लिहिलेलं वाचलं, आणि ते मी माझ्या नावावर घेऊन बसले. तो राग इथं येऊन काढ. दिवसभर माणसांत राहा. मागच्या दारानं एकटी जाऊ नको, कुणी कितीही गोडीनं बोलावलं तरी. लेकराचे पंचमीपुरते नाही, सगळे कपडे घे, आणि वर जुनी गोधडी घाल, म्हणजे खालचं कुणाला दिसणार नाही.

आणि ताई, जे मी जूनमध्ये विचारायला पाहिजे होतं ते आता विचारते. तू ऐकलंस ना ते? कागदावर उत्तर देऊ नको. तुमच्या गावाची शीव ओलांडली की आप्पांना सांग. पुढं बीडला जाऊन कुणापुढं सांगायचं की नाही, ते तू ठरव. आप्पा म्हणालेत, तू ठरवशील तसं. बायडाबाईसाठी बोलणारं दुसरं कुणी उरलेलं नाही, हे मला कळतं, पण मला आधी माझी बहीण पाहिजे. हे स्वार्थी वाटलं तर वाटू दे.

छबुबाई बांगड्या भरेल तेव्हा, यायला तयार असशील तर हिरव्या माग, ती येऊन मला रंग सांगेल. नसशील तर तिला तसंच सांग, आणि मग मी काय करीन ते मला माहीत नाही.

शनिवारपर्यंत दाराला आतून कडी लावून बसणारी,
तुझ्या गोष्टीचा आळ स्वतःवर घेतलेली,
तुझी
संस्कृती