लाल मुठीवरचा नाडा

१४ सप्टें., रविवार
पुन्हा तेच. हजार फुटांवर थ्रॉटल मागे घेतला नि म्हटलं, "विलासभाऊ, इंजिन गेलं. आता बोला." गड्याचा हात सरळ वर. डोक्यावरच्या लाल मुठीकडे! खाली आंबागडच्या पायथ्याशी एवढं मोठं गायरान मोकळं पडलेलं, पण हा खाली बघतच नाही. मी हातावर फाडकन मारली. पंचेचाळीसचा माणूस, स्वतःची राईस मिल, गावात शब्दाला वजन, आणि मी त्याला मास्तरासारखी मारली. वाईट वाटलं नाही, खोटं कशाला लिहू.

खाली उतरल्यावर म्हणतो, "सर, छत्री हाये ना. मंग जागा कायले पाह्यची?"

हे असं आहे. विमान घेण्याआधी यानं छत्री बघितली. अख्खं विमान टांगणारी छत्री. मूठ ओढली की मागून रॉकेट सुटतं, कापड उघडतं, आणि माणसांसकट विमान खाली. पाहुण्यांना तो आधी ती मूठ दाखवतो, मग इंजिन. किळस येते.

१७ सप्टें.
छत्रीची तपासणी करायला पुण्याहून कंपनीचा सावंत आला होता. तिशीचा असेल. पाठीवर बॅग, बोलणं मोजकं. दिवसभर विमानाच्या मागच्या भागात डोकं खुपसून बसला. मला म्हणाला, सर, एकच सांभाळा, मुठीवर काही लटकवू देऊ नका, काही बांधू देऊ नका, ती मोकळी पाहिजे. उड्डाणाआधी मूठ अडकवणारी पिन काढा, उतरल्यावर लावा.

मी म्हटलं, पंचवीस वर्षं ही हलकी मायक्रोलाईट विमानं शिकवली, छत्री न बघता. ज्याला उतरता येतं त्याला छत्री लागत नाही.

तो चिडला नाही. म्हणाला, "आणि पंखच तुटला तर, सर?"

 रमणचा, माझ्याबरोबर उडणाऱ्या मित्राचा, पंख तुटला होता. माझ्यापेक्षा दहापट चांगला हात होता त्याचा. पंख गेल्यावर हात काय करणार? पण हे मी त्या सावंताला कशाला सांगू. चहा पाजला नि बसस्टँडवर सोडला.

२ ऑक्टो., दसरा
मिलची सगळी मंडळी धावपट्टीवर. ट्रॅक्टर, ट्रक, मिलचा पट्टा, वजनकाटा, आणि ओळीत शेवटी विमान. झेंडूचे हार पंख्याला. चाकाखाली लिंबं. एकानं नारळ पंख्याच्या टोकावर फोडायला उचलला, त्याच्या हातातून हिसकावला मी. माकडाच्या हाती कोलीत दुसरं काय!

विलासच्या बायकोनं, मंदाताईनं, पूजा केली. बाई चांगली. मी पट्टीवर असलो की माझ्यासाठी डबा येतो, तो तिच्याच हातचा. तिनं लाल-पिवळा नाडा आणला होता. आधी कंट्रोल स्टिकला बांधला, मग विचारलं, यात जीव वाचवणारं काय हाये? विलासनं मूठ दाखवली. तिनं मूठ आणि छताची दांडी एकत्र धरून सात वेढे दिले, गाठीवर गाठी मारल्या, हळदीच्या पाण्यानं ओल्या केल्या. हात जोडले.

मी बघत होतो. सावंताचं बोलणं आठवलं. उद्या काढू म्हटलं. पूजेच्या दिवशी यंत्राला हात लावत नाहीत.

५ ऑक्टो., रविवार
नाडा काढायला चाकू हातात घेतला. तेवढ्यात मंदाताई डबा घेऊन आली. म्हणाली, "सर, नाडा कापत नाही जी. आपोआप गळू द्याचा असते."

स्टिकचा राहू द्या, मुठीचा काढतो, असं सरळ म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. चाकू ठेवला. खरं कारण वेगळंच. आजच्या उड्डाणात थ्रॉटल मागे घेतला तर विलासचा हात वर गेला, नाड्याला लागला, आणि परत खाली आला! पहिल्यांदा त्यानं खाली बघितलं. जागा शोधली. वाईट शोधली, पण शोधली.

म्हटलं, राहू दे. माझ्या फटक्यापेक्षा बाईचा नाडा भारी.

६ ऑक्टो.
बायकोला, सुनंदाला नाड्याची गंमत सांगितली. ती हसली नाही. सत्तावीस वर्षं दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणीवर आहे ती, तिला असल्या गमती कळत नाहीत. म्हणाली, आमच्याकडे पिनेला कोणी दोरा बांधला तर त्याला गेटबाहेर काढतील. मी म्हटलं, तुमच्याकडे बारूद आहे. ती म्हणाली, "त्या छत्रीत काय अगरबत्ती आहे?" आणि सातची बस पकडायला गेली.

जवाहरनगरच्या या क्वार्टरात मी तिच्या नोकरीमुळे राहतो, ती माझ्यामुळे नाही. याची आठवण ती बोलून करून देत नाही, एवढाच तिचा चांगुलपणा.

२४ ऑक्टो.
दिवाळी संपली. विलास रोज सकाळी येतो, वेळेवर. हात वर जात नाही आता. आज गडाच्या मागून वारा खाली ओढत होता, तिथं त्यानं माझ्या आधी नाक खाली घातलं.  मनात म्हटलं, झालं बुवा एकदाचं.

रोज यादी मोठ्यानं वाचतो आम्ही. इंधन. पट्टे. "छत्रीची पिन?" "काढली." यादीत पिन आहे. नाडा नाही.

८ नोव्हें., शनिवार
तीनदा इंजिन बंद, तीनदा गायरानात बरोबर पोचला. मान्य करायला जड जातं, पण आता त्याला येतं. आज त्याच्या कागदावर सही केली. बाजूला एक माणूस बसवून नेऊ शकतो.

सही करताना नाडा डोक्यात आला. आता शिकवणं संपलं, आता काढायला हवा. पण विलास पेढे वाटत होता, मंदाताई माझ्या पाया पडली, फोटो झाले. मग राहिलंच.

राहिलंच म्हणजे काय? कोणी अडवलं होतं?

१६ नोव्हें., रविवार
 थोडक्यात लिहितो.

विलास मंदाताईला गड दाखवायला घेऊन गेला. मी पट्टीवर. सातआठशे फुटांवर आवाज तुटला, आला, परत तुटला. मग नाहीच. विमानाचं नाक वर झालं. वरच राहिलं, म्हणजे वेग गेला. मी खालून ओरडतोय, नाक खाली, अरे नाक खाली! काय ऐकू येणार. मग दोन झटके दिसले, पंख हलले, आणि नाक खाली आलं. उशिरा आलं. गायरानापर्यंत पोचला नाही. धान कापलेल्या शेतात, बांधीत उतरला, कापून पसरलेल्या कडपांवरून नीट चालला, आणि पुढचं चाक धुऱ्याला, बांधाच्या मातीला लागून विमान उलटं झालं.

मी मोटारसायकलवर पोचलो तोवर धान कापणाऱ्या बाया-माणसांनी दोघांना बाहेर काढलं होतं. विलासची हासळी, गळ्याजवळचं हाड, मोडली. मंदाताईला कमरेखाली काही कळत नाही म्हणाली. बांधीतच आडवी, तोंडावर माती.

आणि मी काय केलं? मी आत वाकलो. मूठ बघितली. सातही वेढे जागेवर, ताणून काचलेले, गाठी हळदीनं दगडासारख्या. एका बाईचा विळा मागितला. नाडा कापला, खिशात घातला, मग पिन लावली.

मागून कोणीतरी म्हणालं, पाहा, सरांचं डोस्कं किती शांत, आधी रॉकेटची पिन लावली.

शी.

१८ नोव्हें.
नागपूरला हॉस्पिटलात गेलो. विलास कॉटवर, हात गळ्यात. मला बघून रडला. म्हणाला, "दोन डाव ओढली जी सर. पुरा जोर लावला. निघालीच नाही. मंग तुमचा फटका आठोला, नाक खाली घातलं. तुमच्यामुळंच वाचलो."

म्हणजे नाक वर राहिलं ते तेवढ्यासाठी. दोन वेळा ओढण्यात जी उंची गेली ती गायरानापर्यंत पुरली असती. मूठ सुटली असती तर छत्री उघडायलाही पुरली असती. आणि मूठच नसती, तर हा सरळ उतरला असता. मी त्याच्या हातात दोन्हीतलं काहीच ठेवलं नव्हतं.

बाहेर त्याचा मोठा भाऊ दोघाचौघांना सांगत होता, मशीनचा भरोसा नाही, माणसाचा हात पाहिजे, हे सर पाहा. एकानं माझ्यासोबत फोटो काढला. मी उभा राहिलो! हसलो असेन बहुतेक.

मंदाताईला पाठीवर सपाट ठेवलं आहे. डॉक्टर म्हणतात पायांचं आत्ताच सांगता येत नाही. मला जवळ बोलावून म्हणाली, पडताना मी नाड्याकडेच पाहत होती, त्यानंच वाचवलं. विमान भंगारात गेलं तरी तेवढा नाडा आणून देजा.

हो म्हणालो.

१९ नोव्हें.
जेवण गेलं नाही. सकाळपासून स्वतःशी वकिली चालू आहे. बाईला कळलं की तिच्याच गाठीनं घात केला, तर ती पुन्हा उठेल का? तिच्यासाठी गप्प राहणं हीच माणुसकी. किती छान वाटतं हे लिहायला. गाठ तिनं मारली, तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. चाकू माझ्या हातात होता.

आणि दसऱ्याचे फोटो मिलमधल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहेत. नाडा त्यात स्पष्ट दिसतो. सगळे हार बघतात, चेहरे बघतात, मूठ कोणी बघत नाही.

२१ नोव्हें.
विलासनं हॉस्पिटलातून तक्रार टाकली. छत्री निकामी होती, तपासणाऱ्यानं नीट तपासली नाही. सावंताचं नाव घालून.

संध्याकाळी सावंताचा फोन. मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. म्हणाला, मला घरी बसवलंय, सोमवारी चौकशीला येतोय साहेबांबरोबर. चार दिवस झोपलो नाही, प्रत्येक स्क्रू आठवून बघतोय, कुठं चुकलो सापडत नाही. मग म्हणाला, "सर, तुम्ही पहिले पोचलात ना? मूठ मोकळी होती ना?"

मी म्हटलं, गर्दी होती, नीट आठवत नाही. सोमवारी बोलू.

"बरं सर," म्हणाला. त्यानं थँक यू पण म्हटलं. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२२ नोव्हें.
रमण आठवतो आहे सारखा. त्याच्या वेळी मी सगळ्यांना सांगत फिरलो होतो, पंखाची तार तपासली नव्हती त्यानं, हात कितीही चांगला असो. खरं होतं ते. तेव्हा मला खरं बोलायला काहीच लागलं नव्हतं, कारण मेला तो होता.

पंचवीस वर्षं लोकांना सांगितलं, यंत्राच्या भरवशावर राहू नका. आणि मी कशाच्या भरवशावर होतो? माझ्या शहाणपणाच्या. छत्रीला शिव्या देण्यात इतकी मजा घेतली की ती बांधलेली आहे हे मला बरं वाटलं. विलासची किळस करत होतो. तो निदान बिचारा अडाणी होता.

२३ नोव्हें., रविवार
सुनंदानं धुवायला पँट घेतली. खिसे उलटे करायची सवय तिची, फॅक्टरीची. नाडा घेऊन आली आणि माझ्यापुढं टेबलावर ठेवला. लांब करून. सात वेढ्यांची मोड अजून गेलेली नाही.

 टोकं बोटानं चाचपली. मग म्हणाली, "हा गळला नाही. कापला आहे."

 तिनं विचारलं नाही कशानं, कधी, कोणी. सत्तावीस वर्षं तुटलेल्या नि कापलेल्या वस्तूंतला फरक ओळखते ती, पगार त्याचाच घेते. एवढंच म्हणाली, उद्या ते लोक किती वाजता येणार? मी म्हटलं, दहाला. पट्टीवर. ती म्हणाली, मग मी सुट्टी टाकते, तुमच्यासोबत येते.

मी म्हटलं, तू कायले? ती कपडे भिजवायला गेली.

साध्या कागदावर जबाब लिहायला बसलो. "मी प्रथम पोचलो तेव्हा मूठ" एवढं लिहून झालं आहे. पुढचे शब्द दोनच आहेत, बांधलेली किंवा मोकळी. मंदाताईनं नाडा मागितलेला आहे, तो द्यायचा आहे. सावंतालाही नाडाच पाहिजे आहे, त्याला माहीत नाही.

नाडा टेबलावरच आहे. सुनंदानं त्यावर पेपरवेट ठेवला आहे, उडू नये म्हणून. पंखा बंद आहे.