छपरावरची मेथी

तीर्थस्वरूप मामाजींस,

वरोऱ्याकडे तोंड करून शंभूचा नमस्कार. (बसलो आहे तिथून वरोरा नेमकं कोणत्या बाजूला ते कळत नाही. फ्रीजकडे तोंड केलं आहे, दिशा चुकली असल्यास आपण वळून घ्यावा.) आपले गुडघे, मामीजींचा खोकला आणि तेलघाणीचा पट्टा यांपैकी सध्या कोण बरं आहे ते कळवावं. मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं तरी पत्र लिहितो आहे, कारण फोनवर आपण मध्येच बोलता.

दिवाळीत आपण सगळ्यांसमोर म्हणालात की मृग लागेपर्यंत एका पत्त्यावर टिकून दाखव, नाहीतर गुमान घाणीवर येऊन बस. टिकलो आहे. कॉम्प्युटरचा क्लास सुटला (माउस बरा होता, सर नव्हते) आणि कंपनीच्या बसमध्ये माणसं मोजायचं कामही सुटलं, पण खोली सोडलेली नाही. हल्ली कुंड्यांवर आहे. हिंजवडीच्या ऑफिसांत कुंड्या भाड्यानं जातात. एसीत त्या पिवळ्या पडल्या की आम्ही त्यांना टेम्पोत घालून बऱ्या व्हायला उन्हात आणतो आणि आत हिरव्या नेऊन ठेवतो. तिथली माणसंही पिवळीच असतात, पण ती बदलायचं कंत्राट आमच्याकडे नाही. असो, विषय उन्हाळ्याचा आहे.

माझी खोली सदाशिव पेठेत, चौथ्या मजल्याच्या गच्चीवर, पत्र्याची. मालकीणबाई प्रेमलाकाकू खाली राहतात. खोली दाखवताना त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही चंद्रपूरकडचे ना? मग तुम्हाला काही होणार नाही." इथे सगळ्यांचं असंच मत आहे. आपल्याकडचा माणूस उन्हात ठेवला तर खराब होत नाही, लोणच्यासारखा मुरतो. मीही मान डोलावली, कारण तेव्हा जानेवारी होता.

एप्रिलमध्ये खोलीतली मेणबत्ती न पेटवताच वाकली. तेव्हा ठरवलं की निसर्गाला शरण जायचं. आधी टेकडीवर गेलो. एक चांगलं दाट करंजाचं झाड पाहून खाली डोळे मिटून बसलो. मन शांत होत आलं होतं तेवढ्यात पांढऱ्या बुटातले एक आजोबा म्हणाले, "अहो, या झाडाखाली आमचा ग्रुप बसतो." मी म्हटलं, झाड तर सरकारी आहे. ते म्हणाले, "झाड सरकारी आहे. सावली आमची आहे." त्यांनी ती आणखी चौघांना बोलावून सिद्ध करून दाखवली. मी उन्हात सरकलो. मनाला वाईट वाटलं नाही, पाठीला वाटलं.

मग आपल्याकडचा उपाय आठवला, छपरावर ओलं गोणपाट. कसबा पेठेत बिलालभाईंचं मसाल्याच्या सामानाचं दुकान आहे, आमच्या टेम्पोवाल्याच्या ओळखीचं. त्यांनी जुनी पोती दिली आणि सांगितलं, "झटकून घे हां, मेथ्या अडकलेल्या असतात शिवणीत." मी झटकली नाहीत. (झटकणार होतो, पण तिथे कोपऱ्यावर तांब्याच्या घंगाळाचे पोचे काढत होते ते पाहत उभा राहिलो.) पोती पत्र्यावर बांधली, पण पाणी कुठलं? काकूंचा नियम असा की एक बादली आंघोळीला, छपराला थेंब नाही. नियम पाळणं आपण मला शिकवलंच आहे. मी छपरावर चढून आंघोळ करू लागलो.

खोली गार झाली, मामाजी. माझं चित्तही झालं. आणि आठ दिवसांत छप्पर हिरवं झालं. आपल्याकडच्या उन्हात कोंब दुपारपर्यंत टिकला नसता, पुण्याच्या उन्हात तेवढी धमक नाही. मेथी दिसल्यापासून मी साबण सोडला. (त्यामुळे टेम्पोत माझ्या शेजारी कुणी बसत नाही आणि वारा चांगला लागतो.)

बोट बोट मेथी झाल्यावर काकू भर दुपारी वर आल्या. "अहो शंभू, खोली भाड्यानं दिली होती, शेत नाही."

"मी काही पेरलं नाही, काकू."

"मग काय, पोत्यांना स्वतःहून अक्कल आली? महिनाअखेर खोली रिकामी करा."

महिनाअखेर म्हणजे मृगाच्या आधी. मला घाणीचा वास आला. पण काकूंना जिना चढून धाप लागली होती. "जरा टेकते, मग बोलते," म्हणून त्या माझ्या खाटेवर टेकल्या. उठल्या तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती. दुसऱ्या दिवशी उशी घेऊन आल्या, तिसऱ्या दिवशी चादर आणि पाण्याचा तांब्या. म्हणाल्या, "यांनी बांधतानाच वाऱ्याचा विचार केला होता." (हे म्हणजे कैलासवासी काका.) मेथीला श्रेय नाही, मला तर नाहीच. पण खोली रिकामी करण्याचा विषयही निघाला नाही. आता त्या कायमच्या वर राहतात आणि मी खाली त्यांच्या दिवाणखान्यात. इथे एसी आहे, त्याचा रिमोट त्यांच्या कपाटात आहे आणि किल्ली त्यांच्या कमरेला आहे. खिडकी धुळीसाठी बंद आहे. मी घामात बसून निसर्गाचं चिंतन करतो. शांत आहे.

मामीजींना नमस्कार, पट्ट्याला तेल.

आपला टिकलेला भाचा,
शंभू

ता. क. पत्ता तोच आहे, फक्त मजला बदलला. आपल्या अटीत मजल्याचा उल्लेख नव्हता.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच काकू उशीसकट खाली आल्या. "जून झाली असती," म्हणून त्यांनी काल सगळी मेथी मुळासकट उपटली, थालीपिठं केली आणि पोती धुऊन, कापून बिल्डिंगभर पायपुसणी वाटली. आज वर भट्टी आहे. म्हणतात, "तुमची खोली तुम्हालाच लखलाभ. तुम्हाला सवय आहे." आता वरूनच लिहितो आहे. पेन गरम लागतं. मृग अजून लांब आहे.

शेवटचं. घाणीवरची रिकामी पोती ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पाठवावीत. जवसाचीच पाठवा, जवसाची भाजी पेठेत कुणी करत नाही. आणि झटकू नका.